नावातला दुसरा साहेब

घर सोडलं त्या सकाळी मला मागून तीन हाका आल्या आणि मी एकीलाही वळलो नाही. गावात अजून काही जण म्हणतात, रावसाहेब मस्तीत गेला, मालकानं बोलावलं तरी मान वळवली नाही. ते खरं आहे. पण का वळलो नाही, ते कुणी विचारलं नाही. गावाकडच्यांनो, म्हणून आज तुम्हाला सांगतो, आणि माझ्यासारखं गाठोडं बांधून बाहेर पडलेल्यांनाही सांगतो. त्यापुढचं जे आहे ते एक माणूस सोडून कुणाला सांगितलेलं नाही. आता वय झालं. ते सोबत न्यायचं नाही, असं ठरवलंय.

आमचं गाव सीमेकडचं. अर्धं बोलणं मराठी, अर्धं कानडी. आईला आम्ही अव्वा म्हणायचो, बापाला आप्पा. आप्पा मळ्याच्या मालकाकडं सालानं कामाला होता आणि बावीस वर्षांचा होईपर्यंत मीही तिथंच, बैलांच्या मागं. कोल्हापुरात फौंड्रीत माणसं घेतात असं कळलं, तेव्हा आप्पाच म्हणाला, जा. एसटी फाट्यावर थांबायची आणि फाट्याची वाट मालकाच्या खळ्यावरूनच जायची. दुसरी वाट नव्हती. माझ्या डोक्यावर गाठोडं, शेजारी आप्पा. मालक बाजेवर तंबाखू मळत बसलेला.

"ए राव्या! कुटं निगालास? बैलं कुणी सोडायची?"

आप्पानं माझं मनगट धरलं. "मागं बगू नगंस," तो हळू म्हणाला. "पुरी हाक आली तर वळ."

"राव्या! आरं ए, भैरा झालास व्हय?"

"चल."

तिसरी हाक शिवीसकट आली. आप्पाची बोटं माझ्या मनगटात रुतत होती. मी एसटीत बसून सुटणार होतो. त्याला दुपारी त्याच खळ्यात परत जायचं होतं. तरी त्यानं पाऊल ढिलं केलं नाही. पुरी हाक आली नाही आणि मी वळलो नाही.

गाडी आल्यावर आप्पानं गाठोडं वर दिलं आणि खिडकीतून एवढंच म्हणाला, "भाकरी अर्धी मिळाली तर खा. नाव अर्धं घिऊ नगंस."

हे नावाचं प्रकरण माझ्या बारशापासूनचं. मी जन्मलो त्याच साली मालकाच्या घरीही पाळणा हलला आणि त्या पोराचं नाव ठेवलं आप्पासाहेब. आपल्याकडं हे नवं नाही. बाळासाहेब, दादासाहेब, आण्णासाहेब, ही नावं म्हणजे मान नावातच शिवून टाकलेला, सदऱ्याला खिसा असावा तसा. झालं असं, की माझा बाप त्या पाळण्याजवळनं गेला की त्याला म्हणावं लागायचं, "आप्पासाहेबसाहेब झोपलं का?" नावात एक साहेब होता, वर चाकरानं आणखी एक लावायचा. पोर अजून मान धरत नव्हतं.

आप्पा अडाणी होता, पण डोकं होतं. त्यानं विचार केला, नावच तसं ठेवलं की हाक मारणाऱ्याला दुसरी वाट राहत नाही. बारशाला आत्यानं कानात नाव सांगायचं असतं. आप्पानं तिला सांगितलं, "रावसाहेब ठेव." आत्या घाबरली. म्हणाली, "दादा, मळ्यावर कळलं तर?" आप्पा म्हणाला, "कळू दे की. त्येच्यासाटीच ठेवतोय." आत्यानं ते इतकं हळू कुजबुजलं, की बायकांना वाटलं नाव सांगितलंच नाही.

मालकाला कळलंच. तो चिडला नाही. हसला आणि म्हणाला, "ठेव बाबा. नाव तू ठेव, हाक आमीच मारनार हाय."

आणि झालंही तसंच. मी राव्या झालो. शाळेत दोन यत्ता काढल्या. तिथं मास्तरांनी पटावर पुरं नाव लिहिलं आणि पाटीवर ते कसं लिहायचं ते शिकवलं. मला बाकी फार काही लिहिता येत नव्हतं, पण माझं नाव यायचं. पाच अक्षरं.

कोल्हापुरात पहिल्या दिवशी फौंड्रीच्या दारात हजेरीचं मस्टर घेऊन दत्तू मिस्त्री बसला होता. जाड मिशा, कानाच्या मागं पेन्सिल. वाईट माणूस नव्हता तो, आधी सांगून ठेवतो. कामात पक्का होता, पण जीभ तिखट.

"नाव?"

"रावसाहेब."

रांगेतली माणसं खदाखदा हसली. दत्तू मिस्त्रीनं पेन्सिल खाली ठेवली. "मग हितं का हुबा रं? जा की, आत गादीवर बस."

"नाव इचारलं, नाव सांगितलं."

"हे बग मर्दा. हितं साहेब येकच. बाळासाहेब साहेब." फौंड्रीच्या मालकाचं नाव बाळासाहेब होतं आणि कामावरचा प्रत्येक जण त्याला बाळासाहेब साहेब म्हणायचा, नुसतं बाळासाहेब म्हटलं तर एकेरी बोलल्यासारखं वाटायचं म्हणून. मी उभा राहून तेच ऐकत होतो. गाव सोडून एवढ्या लांब आलो आणि पाळणा तोच. त्याच्या नावात एक असूनही वर एक, आणि माझ्या नावात आहे तो काढून घ्यायचा.

मस्टरवर 'राव' लिहिलं गेलं. सही कर म्हणाला. मी 'राव'च्या पुढं माझी पाच अक्षरं काढली, रेघेबाहेर गेली तरी काढली. त्यानं बघितलं आणि म्हणाला, "सही नगं. आंगठा दे." मी म्हटलं, लिवता येतंय त्यानं आंगठा का द्यावा? तो म्हणाला, मग काम न्हाय.

तीन दिवस मी त्या दारात उभा राहिलो. दुसऱ्या दिवशी पोटात काही नव्हतं. त्या दिवशी रांगेतला एक ठेंगणा, दणकट गडी माझ्याजवळ आला, फडक्यातली भाकरी मोडून अर्धी दिली आणि म्हणाला, "पावणं, नाव मोटं ठिवलंसा, पोट बी मोटं हाय का?" तो गणपा. जवळच्याच उचगावचा. चौथ्या दिवशी त्यानंच मिस्त्रीला जाऊन सांगितलं, "ह्येला घ्या लगा आत, न्हायतर दारातच मरंल आन बाळासाहेब साहेबास्नी पोलिसात जावं लागंल." सही चालवून घेतली गेली. हजेरीला मात्र हाक 'राव' अशीच.

मी त्या हाकेला ओ दिली नाही. सकाळची हजेरी सुरू व्हायची. "मारुती!" हजर. "बापू!" हजर. "राव!" मी मिस्त्रीकडं बघत उभा. मिस्त्रीची पेन्सिल खाड्याच्या खुणेवर जायची आणि मागून गणपाचा आवाज यायचा, "आलाय की! ह्यो काय रावसाहेब, ताटून हुबा हाय बगा!" लोक हसायचे, मिस्त्री मनात शिव्या देऊन बरोबरची खूण करायचा. एक दिवस नाही, दोन दिवस नाही. पाच वर्षं माझी हजेरी गणपानं दिली.

उचगावात त्याच्याच घराला लागून एक खोली मिळाली. शांता, माझी बायको, वर्षभरानं आली. पहिल्यांदा तिला वाऱ्यावर येणारा लोखंडाचा वास सोसायचा नाही. बावड्याकडनं साखर कारखान्याच्या मळीचा वास आला की म्हणायची, हा तरी ओळखीचा. गावात आम्ही अंगणात जेवायचो, इथं दार लावून. गणपाची बायको कालवणाची वाटी घेऊन यायची आणि दार वाजवायची नाही, सरळ ढकलायची. शांताला ते नवल वाटायचं. मला आवडायचं.

गणपा आणि मी जोडीनं लॅडल धरायचो. ज्यांनी फौंड्री पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. वितळलेल्या लोखंडाला आम्ही रस म्हणायचो. भट्टीतून तो रस लॅडलमध्ये, म्हणजे लोखंडी बादलीसारख्या भांड्यात घ्यायचा. त्याला दोन्ही बाजूंना लांब दांडे. एकानं म्होरचा दांडा धरून नुसता तोलायचा, दुसऱ्यानं मागचा दांडा फिरवून रस साच्यात ओतायचा. ओतणारा मी, तोलणारा गणपा. दांडा हातात असला की जोडीदाराचा श्वाससुद्धा कळतो. तो कुठल्या पायावर भार देतोय, दमलाय का, शिंक यायची आहे का, सगळं दांड्यातून येतं. आणि एक नियम असा, की काही झालं तरी दांडा सोडायचा नाही. एकानं सोडला तर रस दोघांवर.

त्या ओताईच्या दिवशी मिस्त्रीचं आणि माझं सकाळपासून वाजलेलं होतं. हजेरीला त्यानं मुद्दाम 'राव्या' म्हणून हाक मारली. राव नाही, राव्या. मालकाच्या खळ्यातली हाक. गणपानं नेहमीप्रमाणं हजेरी दिली, पण माझ्या कानात ती हाक गरम वाळूसारखी शिरली. मग दिवसभर तेच. राव्या, ती साच्याची पेटी उचल. राव्या, वाळू चाळ. माणसं हसत होती. मी एकाही हाकेला बघितलं नाही. काम मात्र केलं.

भट्टीचं तोंड फोडलं, रस आला. आम्ही पहिले सात साचे भरले. आठवा साचा मोठ्या पेटीचा होता. मी दांडा फिरवला, रस साच्याच्या तोंडात उतरू लागला. भट्टीला वारा देणारा ब्लोअर घोंघावत होता, धूर होता. गणपा पेटीच्या पलीकडल्या अंगाला, तोंड फिरवून उभा, रसाचा झोत डोळ्यावर येऊ नये म्हणून. साच्याच्या दोन पेट्यांच्या सांध्यातून रस बाहेर फुटायला लागला होता, गणपाच्या बाजूनं, खाली. मला ते दिसत नव्हतं. गणपाला दिसत नव्हतं. मिस्त्रीला दिसलं.

"राव्या! थांब!"

हे आता सांगतोच. ती हाक मला ऐकू आली. ब्लोअर होता, धूर होता, पण हाक स्वच्छ आली. माझा हात थांबला. आणि मग मनात आलं, अर्ध्या नावाला थांबायचं नाही. मी दांडा पुन्हा खाली दिला.

एक श्वास. जास्त नाही. "आरं राव्या!" ही दुसरी हाक आली आणि तिच्याबरोबर गणपाचं ओरडणं. रस त्याच्या डाव्या पायावर गेला होता. आणि त्यानं दांडा सोडला नाही. मला अजून दिसतं ते. पाय जळतोय, तोंड आभाळाकडं, गळ्याच्या शिरा दोरीसारख्या, आणि दोन्ही हात दांड्यावर तसेच, तोल ढळू न देता. मी लॅडल सरळ केली, दुसऱ्या दोघांनी येऊन दांडा घेतला, तेव्हा तो खाली बसला.

सरकारी दवाखान्यात त्याची दोन बोटं काढली. पाऊल आखडलं ते कायमचं.

दुसऱ्या दिवशी बाळासाहेब स्वतः भट्टीजवळ आले. एरवी ते कचेरीच्या पायऱ्या उतरत नसत. आम्हाला सगळ्यांना उभं केलं.

"दत्तू, तू बघितलंस ना? मग हाक मारली नाहीस?"

"मारली की, साहेब."

"कुणाला?"

"राव्याला."

"काय म्हणून मारलीस?"

मिस्त्रीनं कानामागची पेन्सिल काढून हातात घेतली. मग म्हणाला, "राव्या, थांब, असं."

बाळासाहेब माझ्याकडं वळले. "तुझं नाव काय?"

"रावसाहेब."

"हाक ऐकू आली नाही?"

चाळीस माणसं बघत होती. मिस्त्री बघत होता. त्याच्या डोळ्यात त्या वेळी राग नव्हता, भीती होती. नोकरी जायची भीती. माझ्या तोंडातून आलं, "बुलोवर चालू हुता, साहेब."

एवढंच. एक वाक्य. सगळ्यांनी मान हलवली, ब्लोअर असतोच मोठा. बाळासाहेबांनी मिस्त्रीला सगळ्यांपुढं झाडलं. म्हणाले, माणसाचं जे नाव आहे त्या नावानं हाक मारायची, भलतंसलतं ओरडलं तर गोंगाटात माणसाला कळणार कसं? मस्टरवरही पुरं नाव घालायचं. दत्तू मिस्त्री जमिनीकडं बघत उभा होता. त्यानं बरोबर वेळेला, बरोबर माणसाला हाक मारली होती. त्याची चूक नावापुरती होती. बाकीची माझी.

तिसऱ्या दिवशी सकाळी हजेरीला मिस्त्रीनं मस्टर उघडलं. घसा खाकरला.

"रावसाहेब!"

पाच वर्षं ज्या हाकेची वाट बघितली ती आली. बापानं मनगट धरलं तेव्हापासून ज्या हाकेची वाट बघितली ती. रांगेत मागं गणपा नव्हता. माझी हजेरी मलाच द्यायची होती. मी मागं वळून त्याच्या रिकाम्या जागेकडं बघितलं. मिस्त्रीनं पुन्हा हाक मारली, पुरी. मी हात वर केला फक्त.

गणपा चार महिन्यांनी कामावर आला. त्याला कोअर करायच्या, म्हणजे साच्यात बसवायच्या वाळूच्या गाभ्याच्या बैठ्या कामाला बसवलं. लॅडल कायमची सुटली. मला बघून म्हणाला, "काय रावसाहेब, ऐकलं, पुरं नाव लागलं म्हनं मस्टरावर. चांगलं झालं." त्यात टोमणा होता का, मी कितीदा तरी उलटून पालटून बघितलं. सापडला नाही. तेच जास्त टोचलं.

सगळ्यांपुढं झाडल्यावर दत्तू मिस्त्री फार टिकला नाही, काम सोडून गेला. मी मिस्त्री झालो. नवी पोरं भरती झाली, त्यांना माझं नाव आणि हुद्दा दोन्ही सांभाळायचे होते. रावसाहेब नुसतं म्हटलं तर एकेरी वाटायचं. मग ती म्हणू लागली, "रावसाहेब साहेब." मी एकदा म्हटलं, नावात हाय की लेकांनो, आनि कशाला? ती म्हणाली, नाव ते नाव आणि मान तो मान. वर्षभरात सगळ्या फौंड्रीत तेच झालं.

त्या साली दिवाळीला गावी गेलो होतो. आप्पा थकला होता, डोळ्यांनी दिसत नव्हतं. मी सांगितलं, मला तिकडं रावसाहेब साहेब म्हणतात. त्याला आधी खरं वाटलं नाही. मग त्यानं काठी मागितली आणि मला हाताला धरून गावभर फिरवलं. प्रत्येक दारात तेच. "म्हाईत हाय का? माज्या पोराच्या साहेबाम्होरं आनि येक साहेब लावत्यात." मालकाच्या खळ्यापाशीही थांबला. मालक गेला होता. त्याचा आप्पासाहेब बाजेवर बसला होता. आप्पानं त्यालाही सांगितलं. तो हसून म्हणाला, "या की रावसाहेब, बसा." पुरी हाक आली, त्याच खळ्यातून. आप्पाच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि मला तिथं उभं राहवत नव्हतं. हा दुसरा साहेब कुठून आला ते मी त्याला कसं सांगणार होतो? पहिला त्यानं दिला होता. दुसरा गणपाच्या पायानं मिळवून दिला होता. आप्पा त्याच थंडीत गेला, सुखानं गेला. मी सांगितलं नाही.

अव्वा म्हणायची, पोटात ठेवलेलं बोलणं पोटातच मुळं धरतंय. माझ्या पोटात त्याचं झाड झालं. गणपाच्या लंगडत्या पावलांचा आवाज मी लांबून ओळखायचो, एक पाऊल भरीव, एक घासत. तो आवाज आला की मी काहीतरी काम काढून दुसरीकडं वळायचो. शेजारी राहून तेरा वर्षं असं वळणं सोपं नसतं.

मग गणपाच्या थोरल्या मुलीचं लग्न ठरलं. त्यानं मला घराच्या पुढच्या सोप्यात बोलावलं. संध्याकाळची वेळ, ऊन अजून अंगणात होतं. छापखान्यातून पत्रिकेचं प्रूफ आलं होतं. निमंत्रकांमध्ये त्यानं माझं नाव घातलं होतं आणि मला ते मोठ्यानं वाचायला लावलं, त्याला वाचता येत नव्हतं म्हणून. मी वाचलं. श्री. रावसाहेब साहेब.

"येक खोड," मी म्हटलं.

"का बरं? सगळी म्हनत्यात की."

"येक खोड गणपा. बरं दिसत न्हाय."

त्यानं पेन्सिल हातात घेतली. कागद जवळ ओढला. "बोट ठिवून सांग. कुठला खोडू?"

त्यानं साधंच विचारलं होतं. पण मला उत्तर येत होतं, तेच अडचणीचं झालं. अंगणात कोंबड्या टिपत होत्या. मी म्हटलं, "दुसरा. त्यो तुज्या पायाचा हाय."

मग सगळं सांगितलं. हाक ऐकू आली होती. हात थांबला होता. मग पुन्हा खाली दिला होता. बाळासाहेबांपुढं खोटं बोललो होतो. बोलताना मी त्याच्या पायाकडं बघितलं नाही, पेन्सिलीकडं बघत होतो. ती हलली नाही.

गणपानं आखडलेला पाय हातानं सरळ केला. मग म्हणाला, "म्हाईत हाय."

"काय म्हाईत हाय?"

"दांडा येकच हुता नव्हं का आपला? तुजा हात थांबल्याला मला कळला. परत खाली गेल्याला बी कळला."

आता मी त्याच्या पायाकडं बघितलं. "मग तेरा वर्सं बोलला का न्हाईस?"

आता त्याचा आवाज चढला. एवढ्या वर्षांत मी तो चढलेला ऐकला नव्हता. "मी बोलू? मी का बोलू रं? तू आज सांगशील, उद्या सांगशील म्हनून बगत हुतो. दवाखान्यात बगितलं, घरी बगितलं. पाच वर्सं रोज सकाळी तुजी हजेरी मी दिली. ही येक तुजी तूच द्याची हुतीस. येवडी येक!" पेन्सिल त्यानं कागदावर आपटली. "आन दत्तू मिस्त्रीला मान खाली घालाय लावलीस. त्यो बिचारा वरडला हुता."

तो उठला. भिंतीला धरून, घासत, आत गेला. दार लावलं नाही, पण बाहेरही आला नाही. मी थोडा वेळ बसलो. आत भांडी वाजत होती, मुलगी कुणाशी तरी हळू बोलत होती. मग मी चपला घातल्या. इथलंही घर आता सुटलं, असं मला स्पष्ट वाटलं. खोली सोडायची, शहरात कुठंतरी जागा बघायची, शांताला काय सांगायचं, हे सगळं अंगण ओलांडेपर्यंत डोक्यात येऊन गेलं. फाटकापर्यंत गेलो. फाटक उघडलं.

"ए राव्या!"

मागून आली. पुरी नव्हती. अर्धीच होती, आणि रागाची होती. माझ्या मनगटावर आप्पाची बोटं मला तशीच्या तशी जाणवली.

मी वळलो.

"ओ," म्हटलं.

गणपा उंबऱ्यात उभा होता, दाराला धरून. "च्या निवतोय," तो म्हणाला. "आन त्यो कागद पुरा वाचून दे. नवऱ्या मुलाचं नाव बरूबर हाय का बग."

पत्रिका छापून आली तेव्हा त्यात एकच साहेब होता. ती अजून माझ्या ट्रंकेत आहे. गणपानं मला माफ केलं का, ते त्यानं कधी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. पण त्या दिवसापासून चार माणसांत तो मला रावसाहेब म्हणतो आणि त्याच्या सोप्यात राव्या. दत्तू मिस्त्रीला शोधायला मी दोनदा त्याच्या गावी गेलो. भेटला नाही. ते राहिलं ते राहिलंच.

आता मी राजारामपुरीत मुलाच्या फ्लॅटमध्ये राहतो. दारावर पितळी पाटी आहे, माझं नाव पुरं आहे. मुलानं मुद्दाम मोठ्या अक्षरात करून घेतलंय. खालचा वॉचमन मला रावसाहेब साहेब म्हणतो, मी त्याला थांबवत नाही, त्याला दुसरं सुचत नाही. गावाकडून जत्रेचं आमंत्रण येतं, त्यावरही दोन साहेब असतात. मला चांगलं वाटतं, खोटं कशाला बोलू. पण घर कुठलं असं कुणी विचारलं तर मी या पाटीकडं बोट दाखवत नाही आणि गावाकडंही नाही. मी रिक्षा करतो आणि उचगावला जातो. फाटकाशी मुद्दाम थोडा थांबतो. गणपाला आता नीट दिसत नाही, पण फाटक वाजलं की तो आतूनच ओरडतो, आणि मी जातो.

आप्पा, तू म्हणाला होतास, पुरी हाक आली तर वळ. मळ्याच्या हाकेला मी वळलो नाही, तुझा शब्द राखला. गणपाच्या हाकेला राखला नाही. वर आलो की तू काय बोलायचं ते बोल. पण हाक मारताना राव्या म्हणालास तरी चालेल. तुलाही मी ओ देईन.